उसना उजेड

गेल्या माघात खानवेलजवळच्या एका पाड्यावरून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. विद्यार्थी म्हणायचे ते केवळ सवयीने. एरवी तो आता तीन नातवंडांचा आजोबा झाला आहे. क्षेमकुशल विचारून झाल्यावर तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, "गुरुजी, आईचा फोटो वाळवीने खाल्ला. चौकट आणि काच तेवढी राहिली. तुमच्याकडे ती फिल्म असेल का अजून?"

फिल्म होती. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीसह, माळ्यावर ती चाळीस वर्षे पडून होती. सिल्वासाच्या दमट हवेत फिल्मला बुरशी लागते, म्हणून तांदूळ. "अहो, त्या डब्यातलं तुम्ही कधी उघडून पाहत नाही आणि टाकूही देत नाही," असे आमच्या सौभाग्यवती दर दिवाळीच्या साफसफाईला म्हणत आल्या आहेत. त्यांचे म्हणणे खरे होते. त्या डब्यातील एक चित्र मला पाहावयाचे नव्हते, आणि फेकून देण्याचे धैर्यही होत नव्हते. ज्या चित्राची आज मागणी आली, ते नेमके तेच होते.

मी मूळचा बडोद्याचा. दांडिया बाजारातील आमच्या वाड्यात होळी पेटे ती गोवऱ्यांची. तिला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवावयाचा, नारळ टाकावयाचा आणि मोठ्या माणसांच्या धाकाने बोंब मारावयाची ती हळूच. 1979 साली मी शिक्षक म्हणून सिल्वासाला आलो तेव्हा माझे वय चोवीस वर्षांचे होते. दादरा आणि नगर हवेलीविषयी तोवर एवढेच ठाऊक होते, की 1954 साली पोर्तुगीजांच्या हातून हा मुलूख सोडविला गेला त्या लढ्यात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी आपली मंडळी होती. 2 ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. आणि पुढे हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत जाऊन 1961 साली हा प्रदेश रीतसर भारतात आला. येथे उतरल्यावर दिसले ते एक लहानसे, झोपाळू गाव, मध्ये एक पांढरे चर्च, चहूकडे साग-खैराची राने आणि दमणगंगेचे पात्र. करसवलतींमुळे कारखान्यांची रांग लागली ती त्यानंतरच्या दशकात. आज त्या सिल्वासाची खूण शोधावी लागते.

छायाचित्रणाचा नाद बडोद्यातच लागला होता. आगफाचा 'क्लिक थ्री' हा साधा कॅमेरा त्या काळी बडोद्यातच तयार होई. वडिलांनी मॅट्रिकच्या निकालावर तो घेऊन दिला होता. एका रोलमध्ये बारा चित्रे निघत. त्यामुळे प्रत्येक वेळी बटन दाबताना पैशांचा विचार मनात येई, आणि हा विचार छायाचित्रकाराला फार उपकारक असतो असे माझे आजही मत आहे. पुढे नोकरीच्या चौथ्या वर्षी एका परिचितांकडून जुना जपानी पेन्टॅक्स घेतला आणि त्यासोबत एक इलेक्ट्रॉनिक फ्लॅशही आला. त्या फ्लॅशचा मला भारी अभिमान वाटे. रात्र आता आपल्या ताब्यात आली, असे काहीसे वाटले असावे.

1983 च्या फाल्गुन पौर्णिमेस या विद्यार्थ्याने मला त्याच्या पाड्यावर होळीला बोलाविले. तो तेव्हा सातवीत होता. वारल्यांची दहा-पंधरा घरे, सभोवती मोहाची झाडे, खाली साकरतोड नदीचे आटत आलेले पात्र. सिल्वासापासून खानवेल सुमारे 20 किलोमीटर; तेथून पुढे मोटारसायकल जाई तोवर नेली आणि राहिलेली वाट चाललो. पाड्यावर वीज नव्हती. मध्यभागी उंच खांब उभारून त्याच्याभोवती लाकडे रचली होती. चंद्र टेकडीवर आला तेव्हा होळी पेटविली गेली आणि ढोल सुरू झाला.

त्या उजेडाचे वर्णन मी अनेकदा करून पाहिले आहे. ते जमत नाही. दिव्याचा उजेड माणसावर पडतो, होळीचा उजेड माणसावर खेळतो. क्षणात कपाळ उजळते, क्षणात गाल. नाकाची सावली एकदा इकडे पडते, एकदा तिकडे. बायका एकमेकींच्या कमरेला हात घालून फेर धरीत होत्या. ती साखळी होळीभोवती वळत जाई, मागे सरे, पुन्हा पुढे येई. त्यात माझ्या विद्यार्थ्याची आई होती. दिवसा मी तिला पाहिले होते: काटक, मितभाषी, हातात विळा. या उजेडात ती जणू दुसरीच बाई दिसत होती. हे चित्र मिळालेच पाहिजे, असे मी ठरविले.

आता मी केले काय, ते सांगतो. होळीकडे पाठ करून मी फेराच्या आत जाऊन उभा राहिलो. फ्लॅशच्या पाठीवर एक तक्ता असे: 100 एएसएची फिल्म, अडीच मीटर अंतर, तर भिंगाचे छिद्र आठवर. शटर एक-साठांश सेकंदावर. सगळे पुस्तकाबरहुकूम. साखळी वळून समोर आली, ती अडीच मीटरवर आली, आणि मी बटन दाबले.

या प्रकारच्या कॅमेऱ्याची एक गंमत पुष्कळांना ठाऊक नसते. भिंगातून येणारे दृश्य एका आरशावरून डोळ्यांपर्यंत पोचते, आणि बटन दाबताच तो आरसा वर उचलला जातो. म्हणजे ज्या क्षणी चित्र निघते, नेमका तोच क्षण चित्र काढणाऱ्याला दिसत नाही. सगळ्या पाड्याने तो लखलखाट पाहिला; पाहिला नाही तो मी एकट्याने. मला ऐकू आले ते एवढेच, की ढोल थांबला. मग एक मूल रडू लागले आणि कुणीतरी किंचाळले.

अंधाराला सरावलेला डोळा हा फार नाजूक पदार्थ आहे. काळोखात नीट दिसू लागण्यास डोळ्याला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो, आणि ते सारे एका झळकेने पुसले जाते. होळीकडे पाहणाऱ्यांचे डोळे पूर्ण काळोखाला सरावलेले नसतात हे खरे. पण त्या मऊ, तांबूस उजेडातून एकाएकी पांढऱ्या झगझगाटात आणि तेथून पुन्हा काळोखात येताना माणूस काही क्षण आंधळाच होतो. ढोलाच्या तालावर पुढे पडणारे पाऊल तेवढ्यात थांबत नाही. त्या बाईचे पाऊल होळीतून निखळून पडलेल्या निखाऱ्यांवर पडले. तोल सावरण्यास टेकलेला तळहातही भाजला. ती पुरती पुढे, आगीत, गेली नाही. कुणीतरी तिला मागे खेचले. कुणी, ते मला दिसले नाही. मी तेव्हा कॅमेरा गळ्यातून काढण्याच्या धडपडीत होतो.

खानवेलच्या दवाखान्यापर्यंत मोटारसायकलवर माझ्यामागे ती, आणि तिला धरून तिचा नवरा, असे आम्ही गेलो. वाटेत तिघांपैकी कुणीही बोलले नाही. मलमपट्टी होताना ती म्हणाली, "मास्तर, मला वाटलं, ईज पडली." त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते.

परत आल्यावर फ्लॅश मी पेटीत ठेवून दिला. रोल धुतला तो महिन्याने. आमच्या न्हाणीघरात काळा कागद लावून मी फिल्म धूत असे आणि आधी नेगेटिव्हच्या मापाचेच, म्हणजे पोस्टाच्या तिकिटांएवढाले, ठसे काढीत असे. त्या ठशात ती बाई होती: चेहरा पिठासारखा पांढरा, डोळे विस्फारलेले, आणि मागे काळेकुट्ट काही नाही. होळी तर चित्रात नव्हतीच, पण होळीचा उजेडसुद्धा नव्हता. शास्त्र असे आहे, की फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाने विरळ होत जातो. अडीच मीटरवर जो उजेड, त्याचा पाच मीटरवर चौथा हिस्सा उरतो आणि दहा मीटरवर सोळावा. म्हणून जवळचा माणूस भिंतीसारखा पांढरा पडतो आणि मागचे जग बुडते. ज्या उजेडावर मी भुललो होतो, तोच मी माझ्या हाताने पुसून टाकला होता. तो ठसा मी फाडून टाकला. नेगेटिव्ह मात्र डब्यात गेली.

नंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचू लागलो. अपराधी माणसाला आपल्या अपराधाचा इतिहास वाचण्याची खोड असते. 1887 साली जर्मनीत मीठे आणि गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडवून चित्र काढण्याची रीत काढली. न्यूयॉर्कमधील जेकब रीस या वार्ताहराने तीच भुकटी घेऊन रात्री-अपरात्री गरिबांच्या कोंदट खोल्यांत शिरून चित्रे काढली. 1890 साली ती पुस्तकरूपाने निघाली आणि त्या शहराला आपल्या पोटातील नरक दिसला. पण तो आत शिरे, भडका उडवी आणि झोपेतून दचकलेली माणसे काय झाले म्हणून पाहू लागेतो निघून जाई. या भडक्याने दोनदा घराला आणि एकदा आपल्या स्वतःला आग लागली, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. 1929 नंतर काचेचे बल्ब आले, धूर आणि आग टळली. मग हॅरॉल्ड एजर्टन यांच्या प्रयोगांतून इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आला आणि झळक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही आखूड झाली. छायाचित्रकाराची सोय वाढत गेली. समोरच्याच्या डोळ्यांची स्थिती मात्र फारशी पालटलेली नाही.

1984 आणि 1985 या दोन्ही वर्षी मी त्याच पाड्यावर होळीला गेलो. जावे की नाही, हा प्रश्न होता. पण त्या बाईनेच मुलाकरवी निरोप धाडला होता. या खेपेस फ्लॅश नाही. 400 एएसएची फिल्म, छिद्र पूर्ण उघडे म्हणजे दोनवर, शटर एक-तिसांशवर, कधी एक-पंधरांशवर. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक ज्वाळा पाहून फसतो आणि 'उजेड पुष्कळ आहे' असे खुशाल सांगतो. त्यामुळे ज्वाळा टाळून चेहऱ्याजवळ जाऊन माप घ्यावे लागते. नाचणारा माणूस वळण घेताना निमिषभर थांबतो. श्वास रोखून त्या थांब्याची वाट पाहावयाची. छत्तीस चित्रांतून दोन-तीन साधत. जी साधली, ती फार सुंदर होती, हे मी आजही संकोच न करता म्हणतो. आगीपुढून जाणाऱ्या काळ्या आकृत्या, हातात हात, पाठीचा एखादा बाक, केसांच्या कडेला प्रकाशाची रेघ. जणू वारल्यांच्या भिंतीवरील चित्रे जिवंत होऊन चालू लागली होती. जिव्या सोमा मशे यांची चित्रे एव्हाना जगभर पोचली होती. त्यांतील दोन त्रिकोणांची माणसे आणि तारपेकऱ्याभोवतीचा तो वळत जाणारा फेर सर्वांच्या परिचयाचा झाला होता. माझ्या दोन चित्रांना बडोद्यातील एका प्रदर्शनात बक्षीस मिळाले. 'प्रकाशाचा संयम' असे काहीसे परीक्षक बोलले. मी सुखावलो. निखाऱ्याचे देणे फिटले, असेही मनात आले असेल.

1986 च्या पावसाळ्यात ती बाई तापाने गेली. दिवस-कार्य झाल्यावर तिचा मुलगा, तेव्हा सोळा वर्षांचा, माझ्या घरी आला. आईचा एखादा फोटो हवा होता. तिच्या साऱ्या आयुष्यात तिचे चित्र काढणारा माझ्याखेरीज कुणी झाला नव्हता. मी मोठ्या आस्थेने बक्षीस मिळालेली दोन्ही चित्रे आणि आणखी चार-पाच त्याच्यापुढे मांडली. तो एकेक उचलून खिडकीपाशी नेऊन पाहत होता. बराच वेळ गेला. मग खाली मान घालून, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाला, "गुरुजी, चांगले आहेत. पण ह्यांत आई कुठली?"

मी बोट दाखवून सांगू लागलो आणि तिसऱ्या चित्रापाशी माझे मलाच सांगता येईना. ती असू शकेल. तिची जाऊही असू शकेल. वारली चित्रात माणसाच्या डोक्याच्या जागी एक गोल असतो; नाक-डोळे बहुधा नसतातच. ते त्यांनी त्यांच्या भिंतीवर काढलेले असते, आणि तो गोल कुणाचा, हे त्यांना ठाऊक असते. मी मात्र त्यांच्या जित्याजागत्या माणसांचे गोल करून टाकले होते आणि वर बक्षीस घेतले होते.

मग मी तो डबा उघडला. नेगेटिव्ह उजेडाकडे धरून त्याला दाखविली. उलट्या काळ्या-पांढऱ्यातही त्याने आईला तत्काळ ओळखले. "हाच," तो म्हणाला. मी त्याला म्हटले, अरे, यात ती भ्यालेली आहे. हा त्याच रात्रीचा आहे. तो म्हणाला, "असू द्या. डोळे दिसतात." त्याला फक्त तोंड हवे होते, चौकटीत बसेल असे. मी तेवढाच भाग मोठा करून छापला. बाजूचे सगळे काटले. ते चित्र त्यांच्या घरात देवांशेजारी लागले, आणि त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे, मी तेथे जेवावयास बसलो की ती बाई माझ्याकडे विस्फारल्या डोळ्यांनी पाहत असे.

फ्लॅश मी पेटीतून बाहेर काढला तो त्यानंतर. वापरण्याची रीत मात्र बदलली. शटर हळू ठेवावयाचे, एक-आठांशवर, म्हणजे होळीचा उजेडही फिल्मवर उतरतो. फ्लॅशवर दुमडलेला हातरुमाल बांधावयाचा, म्हणजे त्याचा जोर मोडतो. पुढे रंगीत फिल्म आल्यावर आणखी एक अडचण कळली. फ्लॅशचा रंग दुपारच्या उन्हाचा, सुमारे साडेपाच हजार केल्व्हिनचा, आणि लाकडाच्या आगीचा दोन हजारांच्या आसपास. त्यामुळे माणसे निळसर, मेल्यासारखी दिसत आणि मागची आग नारिंगी. त्यावर उपाय सापडला तो मुलांच्या गोळ्यांच्या वेष्टनाचा. पिवळसर तांबूस पारदर्शक कागद रुमालाखाली लावला, की दोन्ही उजेड एकमेकांशी बोलू लागत. पण मुख्य बदल याहून साधा होता. होळी पेटण्यापूर्वी, दिवेलागणीला, मी सगळ्यांना जवळ बोलावून फ्लॅश चार-सहा वेळा उडवून दाखवीत असे. पोरे ओरडत, म्हातारे हसत. फेरात आत न शिरता बाहेर उभा राहत असे, आणि ज्याचे चित्र काढावयाचे त्याला नाच थांबल्यावर आधी सांगत असे. नाचतानाची झेप त्यामुळे हुकली. माणसे सरळ उभी राहून, हात मांड्यांशी चिकटवून, कॅमेऱ्याकडे पाहू लागली. प्रदर्शनात अशा चित्रांना कुणी विचारत नाही. पाड्यावरच्या घरांतून ती अजून आहेत.

आता होळीच्या मैदानावर विजेचे मोठे दिवे आणि ध्वनिक्षेपक असतात, आणि प्रत्येकाच्या हाती फोन. त्या फोनचा बारीक दिवा कुणाला आंधळे करीत नाही. काळोखातले चित्र तर तो दिवा न लावताही घेतो. लागोपाठ अनेक चित्रे घेऊन त्यांचे एक करतो, असे माझी नात सांगते. तिनेच ही नेगेटिव्ह संगणकावर चढविली. बुरशीचे दोन डाग होते, ते तिने सफाईने काढले. मग तिने विचारले, "आजोबा, शेजारची ही कोण?"

मी चष्मा पुसून पाहिले. पूर्ण चौकट मी त्या तिकिटाएवढ्या ठशानंतर कधी पाहिलीच नव्हती. डाव्या कडेला आणखी एक बाई होती, निम्मी कडेने कापली गेलेली. एक गाल, घट्ट मिटलेला एक डोळा. तिचा हात पहिलीच्या कमरेभोवती होता, आणि बोटे लुगड्यात रुतलेली स्पष्ट दिसत होती.

दोन प्रती करून घेऊन मी फाल्गुनात खानवेलला गेलो. एक नुसत्या चेहऱ्याची, चौकटीच्या मापाची, दुसरी पुरी. विद्यार्थ्याने पहिली कपाळाला लावली. दुसरी पाहिली आणि तो उठून आतल्या बाजूला हाक मारू लागला. त्याची आत्या आता ऐंशीच्या पुढची आहे. कानांनी कमी, डोळ्यांनीही कमी. ती भिंत धरीत दारापर्यंत आली. चित्र हातभर दूर धरून तिने उजेडाकडे केले.

"मीच धरली होती तिला," ती म्हणाली. "हात निसटत होता. मी सोडला नाही."

त्या रात्री कुणी मागे खेचले, हे विचारण्याचे मला चाळीस वर्षांत सुचले नव्हते. मी काहीतरी बोलणार होतो. पण ती अजून चित्रच न्याहाळत होती. चित्राच्या कडेवरून तिने आपले बोट वरपासून खालपर्यंत फिरविले, पुन्हा एकदा फिरविले, आणि मग माझ्याकडे वळून चांगल्या खणखणीत आवाजात विचारले, "आन् मास्तर, मला अर्धीच का काढली?"

बाहेर ऊन अजून बरेच होते. मी पिशवीतून कॅमेरा काढला आणि म्हणालो, "आत्या, अंगणात चला."